एंजिनाचा पंखा आणि हाताची कळ

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय मार्गावर सुमारे ४० किलोमीटर अंतरावर श्रीपेरुंबुदूर हे गाव आहे. वैष्णव आचार्य रामानुज यांचे जन्मस्थान म्हणून ते शतकानुशतके यात्रेकरूंना परिचित होते. आज ते आणखी एका कारणासाठी ओळखले जाते. या गावाच्या परिसरात मोटारी आणि मोटारसायकली बांधणाऱ्या कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली आहे. जवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे ह्युंदाई कंपनीच्या मोटारी १९९८ सालापासून तयार होऊ लागल्या. ओरगडम येथे २०१३ साली आणि वल्लम वडगल येथे २०१७ साली रॉयल एन्फील्ड मोटारसायकलींचे कारखाने सुरू झाले. वाहनांची कसोटी पाहणारे जागतिक वाहन संशोधन केंद्रही ओरगडम येथेच आहे.

या प्रदेशातील उन्हाळा कडक असतो. चेन्नईच्या नुंगंबाक्कम वेधशाळेत २००३ सालच्या मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअस एवढ्या तापमानाची नोंद झाली होती. असल्या उन्हात वाहन वेगाने धावत असेल तर फारशी चिंता नसते. समोरून येणारा वाराच एंजिनाची उष्णता वाहून नेतो. परंतु तेच वाहन गर्दीत खोळंबले, किंवा तलावाच्या बांधावरील चिखलातून पावलापावलाने जाऊ लागले, की वारा थांबतो. एंजिन मात्र पूर्वीप्रमाणेच उष्णता निर्माण करीत राहते. अशा वेळी एका लहानशा विजेच्या पंख्यावर सारी भिस्त असते. हा पंखा केव्हा फिरावा हे कोणी ठरवावयाचे, यंत्राने की माणसाने, आणि माणसाने ठरवावयाचे झाल्यास त्यासाठी तारांची जोडणी कशी करावी, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

उष्णता जाते कोठे?

पेट्रोल जळताना जी ऊर्जा मोकळी होते तिचा सुमारे एकचतुर्थांश ते एकतृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो, आणि उरलेल्यापैकी बराचसा सिलिंडरच्या भिंतींत शिरतो. सुमारे १० अश्वशक्तीचे, म्हणजे साडेसात किलोवॅटचे काम चालू असताना जवळजवळ तितकीच उष्णता एंजिनाच्या धातूतून काढून टाकावी लागते. घरी पाणी तापविण्यासाठी वापरतात तशा हजार वॅटच्या सात विद्युत् सळया एकाच वेळी पेटवून एका पेटीत ठेवल्या आहेत, अशी कल्पना केली म्हणजे या उष्णतेचा अंदाज येईल.

ती बाहेर काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला साधा. सिलिंडरच्या बाहेरील अंगावर धातूच्या पातळ पट्ट्या ओतून त्याचा पृष्ठभाग वाढवावयाचा आणि वाऱ्याला आपले काम करू द्यावयाचे. जुन्या बुलेट मोटारसायकलीच्या एंजिनावर अशा पट्ट्या स्पष्ट दिसतात. दुसऱ्या मार्गात सिलिंडरभोवती पोकळी ठेवून तीत शीतक द्रव खेळवितात. पाणी आणि ग्लायकॉल यांचे हे मिश्रण असते. एंजिनाकडून उष्णता घेऊन ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाते, तेथे ती उष्णता हवेला देते आणि थंड होऊन परत येते. रॉयल एन्फील्डची २०१६ सालची ‘हिमालयन’ ही डोंगरी वाटांची मोटारसायकल पहिल्या प्रकारची होती. तिला तेल थंड करण्याची जोड होती. २०२३ साली आलेल्या ४५२ घन सेंटिमीटरच्या नव्या ‘हिमालयन’ला मात्र कंपनीने प्रथमच द्रवाने थंड होणारे एंजिन दिले. लहान एंजिनाकडून अधिक शक्ती घ्यावयाची तर तेवढी उष्णता काढणे नुसत्या पट्ट्यांना साधत नाही, हे या बदलामागील एक प्रमुख कारण होय.

या दुसऱ्या मार्गात द्रवाला उकळू न देणे हे मुख्य पथ्य आहे. द्रव उकळला की त्याची वाफ होते, आणि वाफ धातूची उष्णता द्रवाइतक्या चांगल्या रीतीने उचलू शकत नाही. मग सिलिंडरचे डोके एखाद्या ठिकाणी बेसुमार तापते. ते बहुधा ॲल्युमिनियमचे असते, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. परिणामी डोके वाकते, त्याखालील गॅस्केट फाटते आणि शीतक द्रव तेलात मिसळतो. दहा मिनिटांच्या दुर्लक्षाने एंजिन पूर्ण उघडण्याची पाळी येऊ शकते.

म्हणूनच रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणाप्रमाणे दाब धरून ठेवणारे असते. आतील दाब बाहेरच्या हवेहून आणखी एका वातावरणाइतका वाढला तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. याचे महत्त्व लडाखमध्ये विशेष कळते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे उघड्या भांड्यातील पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. पुष्कळ वाहनांत पंखा आपोआप सुरू होण्याचे तापमान ९५ अंशांच्या जवळपास असते. तेव्हा झाकण निकामी असेल आणि आत नुसते पाणी भरलेले असेल, तर तेथे पंखा फिरू लागण्यापूर्वीच पाणी उकळून जाईल.

पट्ट्यावरून विजेवर

रेडिएटरमागे पंखा बसविण्याची कल्पना जुनी आहे. विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १९०० सालच्या सुमारास मर्सिडीज मोटारीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला, आणि मोटार मंद चालत असतानाही हवा खेळती राहावी म्हणून त्यामागे पंखा दिला. पुढे बहुतेक मोटारींत हा पंखा एंजिनावरील पट्ट्यानेच फिरत असे. भारतातील ॲम्बॅसडर मोटारीत तशीच व्यवस्था होती.

या व्यवस्थेत एक मूलभूत दोष होता. पंख्याचा वेग एंजिनाच्या वेगावर अवलंबून असे. मोटार वेगाने जात असताना, म्हणजे वारा भरपूर असताना, पंखा जोराने फिरे आणि शक्ती खाई. मोटार खोळंबली असताना, म्हणजे पंख्याची खरी गरज असताना, तो मंद फिरे. विजेच्या पंख्याने हा संबंध तोडला. त्याला केवळ द्रवाच्या तापमानाशी कर्तव्य असते. रेडिएटरमध्ये किंवा एंजिनाच्या डोक्यावर एक कळ बसवितात. ठरावीक तापमानाला आतील धातूची द्विपदरी पट्टी वाकून मंडल पूर्ण करते, आणि द्रव काही अंश थंड झाला की ती पुन्हा सरळ होऊन मंडल तोडते. या कळीला येथे ‘तापकळ’ म्हणू. अलीकडच्या वाहनांत तिची जागा तापमान मोजणारा संवेदक आणि त्यावरून हुकूम देणारा लहान संगणक यांनी घेतली आहे. तत्त्व मात्र तेच आहे.

आडवाटेचे वाहन

‘एटीव्ही’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी, रुंद आणि मऊ धावांची, मोटारसायकलीसारखी दांडी असलेली चारचाकी वाहने आता भारतातही दिसतात. लडाखसारख्या दुर्गम भागात भारतीय सेना ती वापरते. इतरत्र शेतमळ्यांवर आणि सहलीच्या ठिकाणी ती आढळतात. ‘बाहा’ या नावाने मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे २००७ साली प्रथम भरलेल्या स्पर्धेसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी, त्यांत महाराष्ट्रातील अनेक, अशी वाहने स्वतः बांधीत आले आहेत. त्या स्पर्धेच्या पेट्रोलच्या गाड्यांना हवेने थंड होणारे लहान एंजिन असते आणि त्याचा पंखा गतिचक्रावरच बसविलेला असतो, त्यामुळे तेथे वेगळ्या कळीचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु बाजारात मिळणारी मोठी एटीव्ही बहुधा द्रवाने थंड होणारी असतात, आणि तेथे पंख्याची परीक्षा फार कठीण असते.

त्याची कारणे तीन. हे वाहन अनेकदा चालत्या माणसाच्या वेगाने, पण एंजिनावर पूर्ण ताण देऊन चढण चढत असते. म्हणजे वारा कमी आणि उष्णता अधिक. रेडिएटर पुढे व सखल जागी असल्याने चिखल आणि गवताचे बी थेट त्याच्या जाळीत जाऊन बसते. शिवाय वाहन कधी ओढ्यातून, तर कधी भरलेल्या शेतातून जाते आणि पंखा पाण्यात बुडतो.

हातकळ कशासाठी?

अशा वाहनाचे अनेक मालक पंख्यासाठी हाताने चालविण्याची एक कळ बसवून घेतात. तिला ‘हातकळ’ म्हणू. तिचे तीन उपयोग सांगता येतात.

पहिला उपयोग पूर्वतयारीचा. तापकळीला पुढची वाट दिसत नाही. द्रव तापल्यावरच ती जागी होते. चालकाला मात्र समोरचा चढ दिसत असतो. चढाला लागण्यापूर्वीच पंखा सुरू केला तर रेडिएटरमधील द्रव आधीच थोडा थंड होतो आणि चढाच्या मध्यावर तापमान कमी राहते.

दुसरा उपयोग आपत्तीतील. तापकळ बिघडू शकते, तिची तार तुटू शकते, तिच्या टोकाला गंज चढू शकतो. याहून फसवा प्रसंग म्हणजे शीतक द्रवाची पातळी घटणे. तापकळीचे टोक मग द्रवात न राहता त्यावरील पोकळीत राहते. एंजिन तापत असूनही तिला ते पुरेसे कळत नाही आणि पंखा थांबलेलाच राहतो. अशा वेळी हातकळ वाहनाला घरापर्यंत पोहोचवू शकते.

तिसरा उपयोग उलटा, म्हणजे पंखा बंद करण्याचा. फिरता पंखा एकाएकी पाण्यात बुडाला तर पाण्याच्या प्रतिकाराने त्याची पाती पुढे वाकून रेडिएटरला घासू शकतात, आणि मोटर एकदम अधिक प्रवाह ओढून फ्यूज उडवू शकते. पाण्यात शिरण्यापूर्वी पंखा क्षणभर थांबविणे म्हणून हिताचे असते.

यांपैकी पहिले दोन उपयोग आणि तिसरा यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पहिल्या दोहोंत माणूस यंत्राच्या निर्णयात भर घालतो. तिसऱ्यात तो निर्णय रद्द करतो. जोडणी करताना हा भेद विसरला तर संरक्षणासाठी बसविलेली कळच घाताचे कारण होते.

रिले : लहान प्रवाहाचा मोठ्या प्रवाहाला हुकूम

एटीव्हीच्या पंख्याला सुमारे १२० वॅट शक्ती लागते असे धरू. मोजणीच्या सोयीसाठी बॅटरी १२ व्होल्टची मानली तर प्रवाह १० अँपिअर होतो. सुरुवातीच्या क्षणी तो याच्या कित्येक पट असतो. एवढा प्रवाह दांडीवरील नाजूक कळीतून नेला, तर प्रत्येक वेळी ती उघडताना संपर्कबिंदूंमध्ये ठिणगी पडेल आणि थोड्याच दिवसांत ते जळतील. शिवाय जाड तार बॅटरीपासून दांडीपर्यंत आणि तेथून पंख्यापर्यंत फिरवावी लागेल.

यावरचा उपाय म्हणजे रिले. पूर्वी घोडेस्वार डाक नेत असत तेव्हा ठरावीक चौक्यांवर ताजे घोडे तयार ठेवीत. थकलेला घोडा थांबे आणि ताजा घोडा तीच डाक पुढे नेई. त्या ताज्या घोड्यांवरूनच हे नाव विजेच्या साधनाला मिळाले. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री याने १८३५ च्या सुमारास ही कल्पना प्रत्यक्षात आणली, आणि तारायंत्रात क्षीण झालेला संदेश ताज्या बॅटरीच्या जोरावर पुढे पाठविण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. रिलेमध्ये बारीक तारेचे एक वेटोळे असते. त्यातून थोडा प्रवाह गेला की आतील लोखंड चुंबक बनते, एक पत्री खेचली जाते आणि दोन जाड संपर्कबिंदू मिळतात. मोटारीतील सामान्य रिलेच्या वेटोळ्याचा रोध सुमारे ८५ ओहम असतो. ओहमच्या नियमाप्रमाणे १२ ला ८५ ने भागले असता प्रवाह सुमारे ०.१४ अँपिअर येतो. म्हणजे हातकळीला पंख्याच्या प्रवाहाचा सत्तरावा हिस्साच हाताळावा लागतो.

जोडणी

मोटारीच्या रिलेवरील टोकांना जर्मन प्रमाणपद्धतीचे आकडे असतात. ३० हे बॅटरीकडून येणाऱ्या प्रवाहाचे टोक, ८७ हे पंख्याकडे जाणारे, आणि ८५ व ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. या आकड्यांच्या साहाय्याने जोडणी अशी सांगता येईल.

बॅटरीच्या धन टोकापासून जाड तार निघते. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच तिच्यात १५ अँपिअरचा फ्यूज असावा; पाते-फ्यूजांच्या प्रचलित रंगपद्धतीत तो निळा असतो. फ्यूजपासून ही तार रिलेच्या ३० या टोकाला जाते. ८७ पासून तितकीच जाड तार पंख्याच्या धन टोकाला, आणि पंख्याचे ऋण टोक वाहनाच्या चौकटीला, शक्य तर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. हे झाले जड प्रवाहाचे मंडल.

हुकमाचे मंडल बारीक तारेचे असते. ८६ ला प्रवाह वाहनाच्या किल्लीतून, ३ किंवा ५ अँपिअरच्या फ्यूजमार्गे मिळतो. यामुळे किल्ली काढली की पंखा थांबतो. ही काळजी न घेतल्यास विसरलेला पंखा बॅटरी रिकामी करील. १४ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी १० अँपिअरचा प्रवाह तासभरही नीट देऊ शकत नाही. ८५ या टोकापासून एक तार तापकळीकडे जाते, आणि तापकळ मिळाली की वेटोळे चौकटीशी जोडले जाऊन मंडल पूर्ण होते. ही मूळचीच व्यवस्था आहे. तिला हात लावावयाचा नाही. त्याच ८५ पासून दुसरी तार हातकळीकडे न्यावयाची आणि हातकळीचे दुसरे टोक चौकटीला जोडावयाचे.

अशा रीतीने दोन्ही कळी समांतर होतात. दोहोंपैकी कोणतीही एक मिळाली तरी पंखा फिरतो. हातकळ उघडी राहिली, बिघडली किंवा चालक तिला विसरून गेला, तरी तापकळ आपले काम करीतच राहते. याउलट दोन्ही कळी एकसर जोडल्या तर दोन्ही एकाच वेळी मिळाल्याशिवाय पंखा फिरणार नाही, आणि विसरलेली हातकळ एंजिनाचा बळी घेईल. कागदावर या दोन आकृत्यांत एका रेघेचा फरक असतो. व्यवहारात तो फार मोठा ठरतो.

हातकळ चौकटीच्या बाजूला ठेवण्यात आणखी एक शहाणपण आहे. दांडीकडे जाणारी तार सतत वळत असते आणि घासून तिचे आवरण जाण्याचा संभव इतर कोणत्याही तारेपेक्षा अधिक. ती उघडी होऊन चौकटीला टेकली तर काय होईल? रिले मिळेल आणि पंखा फिरू लागेल, एवढेच. आग लागणार नाही, फ्यूज उडणार नाही. दोष घडला तरी तो एंजिन थंड ठेवण्याच्या बाजूने घडावा, अशी ही योजना आहे.

पाण्यात शिरताना पंखा बंद करण्याची सोय हवी असेल तर तीन स्थितींची कळ वापरतात : स्वयंचलित, बंद आणि चालू. मात्र तेव्हा तापकळीचा हुकूमही याच कळीतून जातो, आणि ती बिघडली तर दोन्ही मार्ग बंद पडतात. म्हणून खोल पाण्यातून जाण्याचा प्रसंग ज्याला वारंवार येतो त्यानेच ही योजना करावी, आणि ‘बंद’ स्थितीत पेटणारा एक तांबडा दिवा चालकाच्या डोळ्यांसमोर ठेवावा.

ज्या वाहनांत संगणक पंख्याला हुकूम देतो तेथे निर्मात्याचा आराखडा पाहिल्याखेरीज कोणतीही तार तोडू नये. काही संगणक परक्या जोडणीला दोष समजून इशारा देतात, आणि चुकीच्या तारेला हात लावल्यास त्यांचे नाजूक भाग जळू शकतात.

तारेची जाडी

पुष्कळ ठिकाणी चूक होते ती तारेच्या निवडीत. समजा, पंख्याच्या मंडलात जाणारी व येणारी मिळून ६ मीटर तार आहे. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घेतली तर तिचा एकूण रोध सुमारे ०.२ ओहम होतो. १० अँपिअरच्या प्रवाहाला तीत २ व्होल्ट खर्ची पडतात आणि २० वॅट उष्णता तारेतच निर्माण होते. १२ पैकी १० व्होल्टच पंख्याला मिळतात. तो मंद फिरतो आणि हवा कमी ओढतो. तार एखाद्या जुडग्यात घट्ट बांधलेली असेल तर तिचे आवरण मऊ पडू लागते. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर रोध पाचवा हिस्सा होतो, घट अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते आणि उष्णता अवघी ४ वॅट. एंजिन थंड करण्यासाठी घातलेल्या तारेनेच आग लावू नये, एवढ्यासाठी हा हिशेब प्रत्येकाने करावा. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तो वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपविण्यासारखे आहे.

तारा धुराच्या नळीपासून दूर न्याव्यात, पत्र्यातून जाताना भोकाला रबरी कडे बसवावे, आणि दांडीजवळ ती पूर्ण वळेल एवढा ढिलेपणा ठेवावा. रिले उंच जागी, त्याची टोके खालच्या बाजूला येतील असा बसवावा, म्हणजे आत गेलेले पाणी ओघळून जाते.

तपासणी

काम संपल्यावर एंजिन थंड असतानाच किल्ली फिरवावी आणि हातकळ दाबावी. रिलेचा ‘टक्’ असा आवाज यावा आणि पंखा फिरावा. आवाज आला पण पंखा फिरला नाही, तर दोष जड मंडलात आहे. आवाजच आला नाही, तर हुकमाच्या मंडलात. त्यानंतर कागदाचा एक पातळ कपटा रेडिएटरच्या पुढे धरावा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर कपटा जाळीला चिकटून राहिला पाहिजे. तो दूर उडाला तर पंख्याच्या दोन तारांची अदलाबदल झालेली आहे. अशा मोटरचा प्रवाह उलटा झाला की ती उलट फिरते, आणि तो पंखा समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजत बसतो.

शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची. हातकळ बंद ठेवून वाहन उघड्या जागेत चालू ठेवावे आणि पंखा आपोआप सुरू होतो की नाही ते पाहावे. तो सुरू झाला नाही तर हातकळीच्या भरवशावर वाहन बाहेर काढू नये. आधी मूळ दोष दुरुस्त करावा.

कळ काय करू शकत नाही?

पंखा हवा हलवितो. चिखल हलवीत नाही. रेडिएटरची जाळी वाळलेल्या चिखलाने भरली असेल तर पंखा कितीही फिरला तरी हवा आरपार जाणार नाही. अशी जाळी पंख्याच्या बाजूने, मंद धारेच्या पाण्याने धुवावी. जोराच्या धारेने तिच्या पातळ पट्ट्या मुडपतात. द्रव कमी असणे, पंप बिघडणे किंवा गॅस्केट फाटणे यांवरही पंखा हे औषध नाही. पंखा सतत चालू ठेवावा लागत असेल तर ती कळीची सोय नसून दुसऱ्या रोगाची खूण आहे.

आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव दाबामुळेच द्रवरूपात राहिलेला असतो. झाकण सैल होताच दाब उतरतो, द्रवाचा काही भाग त्याच क्षणी वाफ होतो आणि उरलेला उकळता द्रव तोंडावर उसळतो. शिट्टी न उतरलेला कुकर जसा कोणी उघडीत नाही, तसेच हे आहे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

या साऱ्या जोडणीतील तत्त्व शाळेत थोड्या खर्चात दाखविता येते. चार कोरडे घट एकसर जोडून ६ व्होल्टची बॅटरी करावी. पाते बसविलेली एक खेळण्यातील मोटर आणि दोन साध्या कळी घ्याव्यात. दोन्ही कळी समांतर जोडून त्यांच्यामार्फत मोटरला प्रवाह द्यावा. शेजारी कोमट पाण्याचे भांडे ठेवून त्यात तापमापक बुडवावा. एका विद्यार्थ्याने तापकळीचे काम करावे : शिक्षक भांड्यात थोडे थोडे गरम पाणी घालीत असता तापमान ५० अंशांवर जाताच कळ दाबावी आणि ४५ अंशांवर येताच सोडावी. दुसऱ्याने हातकळ आपल्या मर्जीप्रमाणे चालवावी.

दहा-पंधरा मिनिटांत दोन गोष्टी वर्गाच्या लक्षात येतील. तापकळ झालेल्या विद्यार्थ्याचे लक्ष हळूहळू विचलित होते आणि एखादा क्षण हुकतो. द्विपदरी धातूच्या पट्टीला कंटाळा येत नाही. उलट, शिक्षक गरम पाण्याचे भांडे उचलू लागलेले पाहून हातकळवाला विद्यार्थी आधीच कळ दाबू शकतो. धातूच्या पट्टीला ते कधीच जमणार नाही. यानंतर कळी एकसर जोडून तोच प्रयोग पुन्हा करावा. एकाच्या विसरण्याने दोघांचेही काम कसे थांबते, ते सांगण्याची मग गरज राहत नाही. वरच्या वर्गांतील मुलांनी लोखंडी खिळ्यावर आवरणयुक्त तारेचे शंभर-दोनशे वेढे देऊन आणि पत्र्याची एक लवचिक पट्टी वापरून स्वतःचा रिले करून पाहावा.

श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या वाहनांत अशी कित्येक साधने कोणाच्या नजरेस न पडता आपापले काम करीत असतात. त्यांच्या जोडीला आपला हात ठेवण्याची इच्छा स्वाभाविक आहे आणि पुष्कळदा योग्यही आहे. मात्र तो हात यंत्राच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नव्हे. यंत्राची सावधता आणि माणसाची दूरदृष्टी यांपैकी एकही दुसरीच्या आड येणार नाही, अशी जोडणी करणे हेच तार जोडणाऱ्याचे खरे कौशल्य होय.